जांभळी अंडी

माध्यमिक शाळेत मराठी शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा घरी आणलेल्या वस्तूंत एक रबरी शिक्का होता. त्यावर एकच शब्द होता, ‘पाहिले’, आणि खाली सहीपुरती रेघ. तो शिक्का मी हजारो वह्यांवर उमटवला. त्यांतल्या किती वह्या खरोखर पाहिल्या याचा मला साधारण अंदाज आहे, आणि तो मी कुणाला सांगत नाही.

बायकोकडे असला शिक्का कधीच नव्हता. ती नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मुलामुलींची प्रॅक्टिकलची जर्नले घरी आणायची, झुरळाचे पाय मोजायची, एखादा कमी भरला तर जर्नल परत द्यायची आणि मगच सही करायची. अशा बाईने आयुष्यात एकदाच, वर्गात उभे राहून, न पाहिलेल्या गोष्टीवर ‘पाहिले’ म्हटले. ते तिला बावीस-तेवीस वर्षे सलत राहिले. हा लेख त्याबद्दल आहे.

ती गोष्ट म्हणजे सी अर्चिनची वीण. सी अर्चिन हा समुद्रातल्या खडकांवर राहणारा, वाटोळा, अंगभर काटे असलेला प्राणी. शब्दकोशांनी त्याला मराठीत एकाहून एक भारदस्त नावे दिली आहेत, पण त्यातले एकही मी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. बायकोच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी बरणीतला नमुना पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते म्हणाले होते, “हा तर धोत्रा.” धोत्र्याचे काटेरी बोंड ज्याने पाहिले आहे त्याला याहून अधिक वर्णनाची गरज नाही.

हे धोत्रे कित्येक वर्षे तिच्या वर्गात दोन रूपांत हजर असत. एक त्या बरणीत, औषधात बुडवलेला, काटे झडलेला. दुसरा भिंतीवरच्या कापडी चार्टवर. चार्ट कुणा पेंटरने रंगवलेला होता. वर नर आणि मादी, खाली पाण्यात सुटलेले बीज. नराचे पांढरे, मादीची अंडी जांभळी, अगदी करवंदासारखी. समुद्रापासून इतक्या लांब, घाटाच्या वर, त्याला कोण अडवणार होते?

एका वर्षी वर्गात सुरगाण्याकडची एक मुलगी होती. जीपने घाट चढून नाशिकला आलेली, हॉस्टेलवर राहणारी, तिसऱ्या बाकावर बसून सगळे लिहून घेणारी. बायको चार्टपुढे उभी राहून सांगत होती, की हे प्राणी एकमेकांना भेटत नाहीत. आपापल्या जागी बसून बीज पाण्यात सोडतात. आणि सगळे एकाच वेळी सोडतात, कारण एकट्याने सोडले तर ते समुद्रात वाया जाते. ती मुलगी उठून उभी राहिली.

“मॅडम, एकाच टायमाला सोडायचं हे त्यांना कोण सांगतं?”

“पाणी सांगतं,” बायको म्हणाली. ते उत्तर चांगले होते. तिथेच थांबायला हवे होते.

“तुम्ही पाहिलंय, मॅडम?”

“हो, पाहिलंय ना. पाण्यात जांभळा धूर सुटल्यासारखं दिसतं.”

त्या संध्याकाळी मेथी निवडताना तिने मला हे सांगितले. मी म्हटले, “त्यात काय एवढं? मी रोज शंभर वेळा पाहिले म्हणतो.”

“तुमचं वेगळं,” ती म्हणाली. हा माझा गौरव नव्हता. “त्या मुलीने अजून समुद्र पाहिलेला नाही. आणि मी तिला समुद्राबद्दल थाप मारली.”

असल्या थापा काळाच्या ओघात विरून जातात असा माझा अनुभव होता. ही विरली नाही, कारण ती मुलगी विरली नाही. ती पुढे शिकत गेली, कोकणात एका समुद्री संशोधन केंद्रात लागली, आणि नेमकी याच प्राण्यांच्या मागे लागली. दर शिक्षकदिनाला तिचा फोन यायचा. दर वेळी एक वाक्य ठरलेले असायचे: “मॅडम, तुम्ही पाहिलंय म्हणालात ना, तेव्हाच मी ठरवलं होतं.” बायको फोन ठेवायची आणि थोडा वेळ उगीच कपाट आवरत बसायची. माझ्या माहितीत शिक्षकदिनाला घाबरणारी ती एकमेव शिक्षिका.

मग ती निवृत्त व्हायचा महिना आला. फेब्रुवारी. तिने त्या मुलीला (आता चाळिशीकडे झुकलेल्या बाईला मुलगी म्हणणे आमच्या घरात चालू आहे) फोन केला आणि म्हणाली, “मला शेवटच्या बॅचला एकदा जिवंत अर्चिन दाखवायचेत. वीण सोडताना.” मला मात्र तिने खरे कारण सांगितले: “मी बोललेय ते जाण्याआधी खरं करून टाकते. उशिरा का होईना.”

त्या मुलीच्या घरी सुरगाण्याला लग्न होते. तिने कळवले, की ती नाशिकवरूनच जाणार आहे. जाताना आठ अर्चिन सोडते, येताना परत नेते. केंद्राने परतीच्या बोलीवर दिले आहेत, तेव्हा एकही कमी होता कामा नये. त्याप्रमाणे एका सकाळी कॉलेजच्या फाटकाशी जीप थांबली. तिच्यातून थर्माकोलची खोकी, समुद्राच्या पाण्याचे सहा कॅन आणि हवा सोडणारा एक छोटा पंप उतरला. मुलगी घाईत होती. हळद त्याच दिवशी होती. बायकोच्या पाया पडली, चार कागद हातात दिले आणि गेली.

कागदांवर काय करायचे ते लिहिले होते, आणि काय सांगता येत नाही तेही. मला हे दुसरे विशेष आवडले. दिवस लहानमोठे होतात त्यावरून प्राण्याच्या पोटातले बीज महिनोन् महिने भरत जाते. भरले की तो नुसता थांबतो. मग कशाने सुटते? कधी पाण्याचा गारवा एकदम कमीजास्त झाल्याने. कधी पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीने. कधी पाण्यात शेवाळाची नवी साय आली की त्या वासाने, कारण पिलांना खायला तेच असते. कधी नुसत्या धक्क्याने. आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याने सुरुवात केल्याने. एका नराने बीज सोडले की त्याची चव पाण्यातून बाकीच्यांना लागते आणि सगळे सुरू होतात. सभेत टाळ्या कशा सुरू होतात हे ज्याने पाहिले आहे त्याला हे पटायला जड नाही. खाली तिने लिहिले होते: “यांतले नेमके कोणते कारण कधी लागू पडेल याची खात्री नाही. न सुटल्यास बाटलीतले औषध सुईने टोचावे. हमखास सुटते.”

बायकोने ती बाटली कपाटात ठेवून कुलूप लावले. “टोचून काढलं तर ते उत्तर नाही,” म्हणाली, “पोलिसांनी घेतलेला जबाब आहे.”

आता मामा. प्रयोगशाळेत परिचर म्हणून ते बायकोइतकीच वर्षे होते. गाव सटाण्याच्या बाजूला, घरी कांदा. सुट्टीचा प्रत्येक दिवस शेतावर. बायकोचे सगळे तास त्यांनी मागच्या स्टुलावर बसून ऐकले होते, त्यामुळे दर वर्षी प्रथम वर्षात ते एकटेच पुन्हा बसलेले असत. काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी भरून त्यांनी बोट बुडवले, चाखले आणि म्हणाले, “आमटीत मीठ दोनदा पडल्यासारखं.” मग आठ धोत्रे तळाशी ठेवले. काटे हळूहळू हलू लागले. मामा बराच वेळ वाकून पाहत राहिले.

बायकोने त्यांना कागद वाचून दाखवला. गारवा कमीजास्त झाल्याने सुटते, इथे त्यांनी तिला थांबवले.

“मॅडम, म्हणजे हे डेंगळे झाले.”

मला हा शब्द ठाऊक नव्हता. मराठीचा शिक्षक म्हणून मी तसे दाखवले नाही, पण मामांनी ओळखले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, तेवढी माया त्यांना होती. कांदा जमिनीत पोसत असतो. मध्येच कडाक्याची थंडी पडली आणि मागून एकदम ऊन आले, तर त्याला वाटते आपला काळ झाला. मग तो पोसणे सोडून मधोमध दांडा काढतो आणि फुलतो. त्या दांड्याला डेंगळा म्हणायचे. डेंगळा आला की कांदा पोकळ, बाजारात कुणी घेत नाही.

“बरं झालं मामा,” बायको म्हणाली, “तुम्हाला सगळं माहितीच आहे. मग आणा डेंगळे.”

“आणा?” मामा खरोखर दचकले. “मॅडम, आमचा जलम गेला डेंगळे टाळण्यात. आणायचे कसे ते कोणाला माहीत?”

“टाळण्यासाठी जे जे करता, त्याच्या उलटं करायचं.”

मामांनी एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी ते शिस्तीत उलटे वागू लागले. संध्याकाळी जाताना प्रयोगशाळेच्या खिडक्या सताड उघड्या. फेब्रुवारीतली नाशिकची थंडी आत. सकाळी आल्याबरोबर कॅन्टीनच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडायच्या, बूच घट्ट लावून, म्हणजे पाण्याला गारवा लागेल पण गोडे पाणी मिसळणार नाही. दोन दिवस असे गारठवायचे आणि तिसऱ्या दिवशी मुलामुलींना बसवून बाटल्या काढायच्या, ऊन दाखवायचे. “नाशिकची हवाच डेंगळ्याची हाय,” ते मला म्हणाले. “सकाळी स्वेटर, दुपारी घाम. कांद्याचं डोकं फिरतंय तिथं या धोत्र्याचं काय घेऊन बसले?”

सगळे ठीक चालले होते. पण फ्रीजर कॅन्टीनचा होता, आणि कॅन्टीनमधून बातमी प्राचार्यांकडे गेली.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कोणतीही घटना उद्घाटनाशिवाय घडलेली सहन होत नसे. कॉलेजात नवा नळ बसवला तरी तो फीत कापूनच वाहू लागे. समुद्र स्वतःहून दुसऱ्या मजल्यावर आला आहे म्हटल्यावर त्यांनी चोवीस तासांत समिती नेमली. कार्यक्रमाचे नाव ठरले: ‘सागर आपल्या दारी’. संस्थेतले एक मोठे पदाधिकारी प्रमुख पाहुणे. फ्लेक्स लागला. त्यावर एक डॉल्फिन, एक देवमासा, एक तारामासा, आणि देवमाशाहून किंचित मोठे प्राचार्य. सी अर्चिन नव्हता. डिझाइन करणाऱ्याला त्याचे देखणे चित्र मिळाले नव्हते.

“मॅडम, अकरा वाजता पाहुणे कळ दाबतील,” प्राचार्य म्हणाले, “आणि तेव्हा वीण सुरू होईल असं बघा.”

“सर, त्यांना कळ नसते.”

“आपण लाइटची ठेवू ना. प्रतीकात्मक.”

बायको घरी येऊन हे सांगताना हसली नाही. तिच्यापुढे एकच प्रश्न होता. महिन्याचे चार दिवस उरले होते, सुरगाण्याहून जीप परत येणार होती, आणि तिला हे एकदा, फक्त एकदा, पाहायचे होते.

तो दिवस आला. मलाही आमंत्रण होते. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापिकेचा नवरा म्हणून पहिल्या रांगेत. साडेदहाला पोचलो. मुलेमुली फाटकापासून जिन्यापर्यंत दोन रांगांत उभी होती. प्रत्येकाच्या हातात फुलांच्या पाकळ्यांची कागदी वाटी. जिमखान्याचे सर शिट्टी घेऊन फिरत होते. माझा गुडघा धरतो, म्हणून मला रांगेतून सवलत मिळाली आणि मी जिना चढून प्रयोगशाळेत गेलो.

तिथे बायको आणि मामा नुकतेच पोचले होते आणि दोघेही स्तब्ध उभे होते. टाकी जागेवर नव्हती. सजावट समितीने सकाळी टेबलासकट ती उचलून दक्षिणेकडच्या खिडकीशी नेली होती. फोटोग्राफरला तिथला उजेड हवा होता. खाली सॅटिनचे निळे कापड. टाकीतल्या गार बाटल्या काढून बेसिनमध्ये टाकल्या होत्या.

“बाटल्या कुणी काढल्या?” मामांनी तिथे फीत लावत असलेल्या एका प्राध्यापकांना विचारले.

“फोटोत वाईट दिसतात, मामा. पाण्याच्या बाटल्या!”

“ते पाण्याला गार ठेवायला होतं!”

“मग एसीची मागणी करायची ना,” प्राध्यापक म्हणाले आणि फीत ताणून खाली पाहुण्यांच्या तयारीला निघून गेले.

मामा टाकी परत ओढायला लागले, पण तेवढ्यात बायको म्हणाली, “राहू द्या. आता हलवली तर अजून एक धक्का.” ती खुर्ची घेऊन टाकीसमोर बसली. मीही बसलो. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. खालून शिट्टीचा आवाज येत होता आणि बातम्याही येत होत्या: पाहुणे निघाले आहेत, पाहुणे द्वारकेच्या चौकात अडकले आहेत, पाहुण्यांचा फोन लागत नाही, म्हणजे ते जवळच असावेत. ऊन काचेतून आत सरकत होते. आधी कापडावर, मग टाकीच्या कोपऱ्यावर, मग पाण्यात. मामा दर पाच मिनिटांनी बोट बुडवत होते. “चढतंय,” म्हणायचे. “चढतंय, मॅडम.”

बारा वाजून गेल्यावर बायको हळूच म्हणाली, “हा बघा.”

कडेच्या एका धोत्र्याने काटे जरा आवळून घेतले होते. त्याच्या माथ्यावर पांढरा ठिपका दिसला. मला वाटले, उजेडाची तिरीप असेल. मग त्या ठिपक्यातून एक बारीक रेघ वर आली, उदबत्तीच्या धुरासारखी, जरा वळली आणि पाण्यात पसरली. मग दुसरी. मग तिसरी.

“फुटना!” मामा ओरडले. त्यांची कॉलेजातली मराठी गळून पडली आणि गावाकडची अहिराणी वर आली; फुटना म्हणजे फुटला. “मॅडम, डेंगळा फुटना!”

बायको खुर्चीवरून उठून गुडघ्यांवर बसली होती, डोळे काचेला लावून, चष्मा कपाळावर सरकवून. शेजारचा सुरू झाला. त्याच्या पलीकडचा सुरू झाला. मग माझ्याकडे न वळता ती म्हणाली, “अहो, मुलांना बोलवा.”

मी जिना उतरलो. तितक्या वेगाने मी वीस वर्षांत उतरलो नव्हतो. जिमखान्याच्या सरांना म्हटले, “वरती सुरू झालंय, मुलांना सोडा.”

“काय सुरू झालंय? पाहुणे नाही आले अजून.”

“त्यांनी वाट नाही पाहिली.”

“सर, पाहुणे वळणावर आहेत. रांग मोडली तर माझी नोकरी—”

त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत रांग मोडली. पुरती नाही, तिसऱ्या वर्षाच्या अकरा मुली. त्या पाकळ्यांच्या वाट्यांसह जिन्याकडे पळाल्या, आणि शिट्टी वाजत राहिली. मी त्यांच्या मागून वर पोचलो तेव्हा टाकीभोवती डोक्यांची गर्दी होती. आतल्या तीन प्राण्यांच्या माथ्यावर आता दुसराच रंग दिसत होता. दाणेदार, जाडसर काहीतरी बाहेर येऊन काट्यांवरून खाली घसरत होते आणि तळाशी बसत होते. भाजण्याआधीचा बारीक रवा असतो तसा. रंग फिकट पिवळा.

“अंडी,” एक मुलगी कुजबुजली.

मामा मागून वाकून पाहत होते. त्यांनी चार्टकडे पाहिले, टाकीकडे पाहिले, आणि अकरा मुलींच्या देखत, कुठलाही वाईट हेतू नसताना, म्हणाले:

“मॅडम, तुम्ही तर दरवर्षी जांभळी सांगता.”

मी बायकोकडे पाहिले. मला तिची दोन-तीन उत्तरे सुचलीसुद्धा. उजेडाचा फरक. जातीचा फरक. असली उत्तरे शिक्षकाला झोपेतही सुचतात. ती गुडघ्यांवरून उठली, साडी झटकली, चष्मा खाली घेतला.

“चार्टवर जांभळी आहेत म्हणून सांगत होते,” ती म्हणाली. “मी पाहिली नव्हती. आज पहिल्यांदा पाहतेय.”

मुलींनी माना डोलावल्या आणि परत टाकीकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीने त्यात काहीच नव्हते. जिच्यापुढे हे बोलायचे होते ती तिकडे सुरगाण्याला वऱ्हाडाला पाणी वाढत असेल.

पाहुणे पाऊणच्या सुमारास वर आले. तोवर आठही धोत्र्यांचे काम आटोपले होते आणि टाकीत ताक भरल्यासारखे दिसत होते. आतले काही म्हणजे काही दिसत नव्हते. पाहुण्यांनी दीप लावला, कळ दाबली, लाइट लागला. पांढऱ्या पाण्यावर उजेड पडला. ते वाकले, थोडा वेळ पाहिले, आणि आत काहीतरी असणार या विश्वासाने म्हणाले, “वा. छान उपक्रम.” मग प्राचार्यांच्या कानाशी, पण पहिल्या रांगेला ऐकू येईल असे: “पाणी रोज बदलत नाही का?”

प्राचार्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मामांकडे पाहिले. मामांनी हात जोडून पाहुण्यांना सांगितले, “साहेब, तुम्ही उशिरा आले म्हणून जमलं.” पाहुण्यांना तो सत्कार वाटला. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोटोग्राफरने तो फोटो घेतला. खरे तर मामांनी शास्त्रशुद्ध निष्कर्ष सांगितला होता. टेबलाचा धक्का, बाटल्या काढणे आणि दीड तासाचे ऊन, हे सगळे त्या समारंभाने पुरवले होते. त्या चार कागदांत प्रमुख पाहुण्यांचा उशीर हे कारण नव्हते. असायला हरकत नाही.

जीप रविवारी आली. मुलगी लग्नातून आलेली, हाताला मेंदी, पिशवीत नागलीचे पापड आमच्यासाठी. आम्ही कॉलेजात गेलो, मामाही गावाहून आले होते. ती एकेक धोत्रा उचलून खोक्यात ठेवत होती आणि मोजत होती. “आठ,” ती म्हणाली. “मॅडम, सुई लागली?”

“नाही. आपण होऊन सोडलं.” बायको म्हणाली. “मला तुला एक सांगायचंय. मी तेव्हा तुला पाहिलंय म्हणाले होते. पाहिलं नव्हतं.”

मुलीने खोक्याचे झाकण लावले. वर चिकटपट्टी मारली, दाताने तोडली.

“माहिती आहे, मॅडम.”

“कधीपासून?”

“मी पहिल्यांदा केलं तेव्हापासून. अंडी पिवळी निघाली. मला वाटलं माझंच चुकलं. पाणी बदललं, परत केलं. परत पिवळी. तीन वेळा केलं. मग आमच्या सरांनी विचारलं, जांभळी कुठं पाहिलीस? म्हटलं, चार्टवर.” ती हसू लागली. “आठवडाभर मला सगळे जांभळी म्हणून हाक मारत होते.”

“मग दर वर्षी फोनवर तेच कशाला म्हणायचीस?” बायकोचा आवाज जरा चढला. “मला वाटायचं तुला अजून खरंच वाटतंय!”

“मी खोटं कुठं म्हणाले? तुम्ही पाहिलंय म्हणालात, म्हणून मी बघायला निघाले. निघाले ते तर खरं आहे ना?”

“त्याने माझं बोलणं खरं होत नाही.”

“नाही होत,” मुलगी म्हणाली. तिने बायकोची समजूत घातली नाही याचे मला बरे वाटले. “म्हणून आता मी कुणाला शिकवताना आधीच सांगते, यातलं मी काय काय पाहिलेलं नाही ते. यादी लांब होते, मॅडम. तास संपतो.”

मामा मध्येच म्हणाले, “म्हणजे या चार्टपायी तुम्हालाबी डेंगळा आला.” आणि आम्ही चौघे हसलो, बायको सगळ्यांत शेवटी. जाताना मुलीने एक बीकर टाकीतल्या पाण्याने भरून मागे ठेवला. त्यात त्या दिवशीच्या अंड्यांतून झालेली पिले होती. नुसत्या डोळ्यांना पाण्यात धूळ हलल्यासारखी दिसणारी. “चार-पाच दिवस राहतील,” ती म्हणाली. “शेवाळाचे दोन थेंब रोज.”

महिना संपायच्या आदल्या संध्याकाळी बायको जर्नले तपासत बसली होती. तिच्या शेवटच्या जर्नलांचा गठ्ठा. प्रत्येकीने अर्चिनची वीण काढली होती, बीज सुटते ती माथ्यावरची पाच छिद्रे, पांढरा धूर, खाली फिकट पिवळी अंडी. अकरा मुलींच्या जर्नलांवर तिने सही केली. सहीच्या वर, कधी नव्हे ते, एक शब्दही लिहिला: पाहिले. मी विचारले, “माझा शिक्का देऊ? लवकर होईल.” तिने नुसते पाहिले.

बारावे जर्नल तिने उघडले आणि ती थबकली. तेही चित्र सुबक होते. सगळे बरोबर. अंडी पिवळी, अचूक.

“ही नव्हती वर,” बायको म्हणाली. “ही रांगेत होती. हिने मैत्रिणीचं पाहून काढलंय.”

“बरोबर तर आहे ना? कर सही.”

तिने पेन घेतले. चित्राखाली सहीच्या जागी लिहिले: ‘चित्र बरोबर आहे. तू पाहिलेले नाहीस. उद्या सकाळी ये, बीकरमध्ये अजून पोहत आहेत.’

दुसऱ्या दिवशी तिचा कॉलेजातला शेवटचा दिवस. शाल, श्रीफळ, भाषणे दुपारी होती. सकाळी नऊला बाराव्या जर्नलवाली मुलगी आली, जरा घाबरलेली, जर्नल छातीशी धरून. मामांनी सूक्ष्मदर्शक लावून ठेवला होता. तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. तिच्यानंतर मीही बघितले. टोकदार, पारदर्शक काहीतरी, तंबूच्या काठ्यांसारखे, हळूहळू फिरत होते. मला वाटले होते तसे ते अजिबात नव्हते.